कोणी मरत नाही असं पुस्तक

"हिच्यात कोन मरतंय का?" हौसेरावांनी कादंबरी टेबलावर ठेवत विचारलं.

कोपरखैरण्याच्या वाचनालयातल्या सिताराम गुरवांनी चष्मा कपाळावर चढवला. "हौसेराव, मराठी कादंबरी आहे. कोणी ना कोणी खोकायला लागणारच."

हौसेराव हसले नाहीत. पहाटेपासून वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी वाहून त्यांची पाठ लाकूड झाली होती, आणि घरी बायको गोजरा अंथरुणाला खिळून होती. हॉस्पिटलनं दिवाळीनंतर, आता घरीच न्या, म्हणून सांगितलं होतं. ती या वाचनालयाची आठ वर्षांची सभासद. आता तिला पुस्तक हातात पेलवत नव्हतं. म्हणून सातवी पास नवऱ्यानं निवडायचं आणि वाचून दाखवायचं, असं ठरलं. पण वरच्या चित्रातली नवरी बघून हौसेरावांनी पहिलंच पुस्तक आणलं, आणि त्यातली ती नवरीच चाळिसाव्या पानावर गेली. गोजरानं भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून त्यांनी पुस्तकांची धास्तीच घेतली होती.

मग त्यांनी एक युक्ती काढली. काही पुस्तकांत पंचविसाव्या पानाखाली पेन्सिलीनं काढलेलं बारीक फूल असायचं. ही वाचनालयाची पसंतीची खूण, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. तीन आठवडे ते फूल बघूनच पुस्तक नेत होते. आजही फुलाचंच नेलं.

घरी येऊन त्यांनी गोजराला बशीत चहा ओतून पाजला, उशी सारखी केली आणि वाचायला बसले. बराच वेळ सगळं ठीक चाललं. घर बांधून झालं, गाय व्याली, लेक लग्नाला आली. आणि मग घरधनीण तापानं फणफणली. हौसेरावांची नजर पुढच्या ओळींवर गेली. वैद्यानं मान हलवली होती.

"वैद्यानं... काढा दिला," ते म्हणाले. "चार दिसांत बाई हिंडाय लागली."

"तसं न्हाई त्यात," गोजरा डोळे मिटूनच म्हणाली. "जाती ती. नदीकाठी नेत्यात तिला."

"तुला काय ठावं?"

"पंचवीस नंबरच्या पानावर फूल हाय न्हवं? मीच काढलंय. वाचलेलं पुस्तक परत घरी येऊ नये म्हनून समद्या बाया आपापली खूण करत्यात."

हौसेराव ओशाळले. तीन आठवडे ते बायकोला तिचीच वाचलेली पुस्तकं ऐकवत होते.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी इतकं निवडून आनता. आन् वाचलेलंच बरं वाटतं आता. कुठं काय हुनार ते म्हाईत असतंय, दचकाय हुईत न्हाई." तिनं थोडा दम घेतला. "पर आज हिला मारू नका. लेकीचं लगीन बघू द्या."

त्यांची मुलगी अक्षता यंदा दहावीला होती. शाळेतून यायची तिची वेळ झाली होती. हौसेरावांनी एकदा दाराकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

छापलेल्या ओळींत चिता रचत होते. हौसेरावांनी त्याच ओळींवर बोट ठेवलं आणि दारात मांडव घातला. हळद दळली, पाहुणे उतरले, घरधनीण नवं लुगडं नेसून पुढं झाली. बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. गोजराला केव्हाच झोप लागली होती, तरी ते थांबले नाहीत. वऱ्हाड अजून जेवायचं होतं.