वेरेमाची नोंद

“मग कारभारी कुठं गेलाय तुझा?” मी विचारलं, तशी मतिंदे तोंडावर हात धरून हसायला लागली.

“मास्तर, माझ्या नवऱ्यासारखा नवरा अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. दारू पीत नाही, हात उचलत नाही, घोरत तर मुळीच नाही.”

“दात काढू नकोस,” तिची सासू वेगेसा म्हणाली. ती अंगणात नाचणी पाखडत होती. “शिरगणती आहे, चेष्टा नव्हे. लिही रे मास्तर. वेरेमा त्याचं नाव.”

वेरेमाचं नाव मला चांगलं माहीत होतं. त्याच्या दोन्ही मुली माझ्या शाळेत. हजेरीपटावर बापाचं नाव मीच लिहिलेलं. थोरली गणितात नापास झाली तेव्हा ‘वडिलांनी येऊन भेटावे’ अशी चिठ्ठीसुद्धा मी शहाण्यानं पाठवली होती. आणि वेरेमा कधी जन्मालाच आला नव्हता, हे गावाला ठाऊक होतं तसं मलाही ठाऊक होतं.

आमच्या कुरिया लोकांत हे चालतं. मुलगा झाला नाही म्हणून बाईनं कपाळाला हात लावून बसायचं नसतं. गाई द्यायच्या आणि न झालेल्या मुलासाठी सून आणायची. सुनेला पुढे कुणापासूनही मुलं होवोत, ती त्या मुलाचीच आणि त्या घराचीच. वेगेसाला तर मूलच झालं नव्हतं. नवरा गेला, आणि “रिकाम्या घराचं शेत शेवटी माझ्याकडेच यायचं” असं दीर चारचौघांत बोलायला लागला. तेव्हा तिनं आठ गाई देऊन मतिंदेला आणलं. मुलाचं नाव मात्र वेगेसानं, ती स्वतः लग्न होऊन आली त्याच वर्षी ठरवून ठेवलेलं होतं.

पाचवीच्या मुलांकडून मी जिल्ह्याचा भूगोल पाठ करून घेतो. उत्तरेला कड्यावरचं थंड पठार, दक्षिणेला मारा नदी, तिच्यापलीकडे जनावरांचं मोकळं रान. पिकं मका, कसावा, नाचणी. वर पठारावर कॉफी आणि तंबाखू. मग येते लोकसंख्या. तो लांबलचक आकडा एका सुरात म्हणताना मुलांचे डोळे मिटायला लागतात, आणि खरं सांगायचं तर माझेही. वाटतं, त्या आकड्यात सगळे असतील, वाटेत असलेले आणि अजून यायचे राहिलेलेही. त्या सकाळी नदीकडून धुकं चढून आलं होतं. शेजारची घरं दिसत नव्हती, नुसते कोंबडे ऐकू येत होते. अशा वेळी दारातून वेरेमा बाहेर आला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

पण तक्ता समोर होता. कचेरीत शिकवल्याप्रमाणे मी विचारलं, “काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?”

“मी, मतिंदे, दोघी पोरी.” वेगेसानं दाराकडे पाहिलं. “वेरेमा नव्हता. खोटं कशाला बोलू?”

“मग मला त्याला इथं लिहिता येत नाही, मावशी.”

“आणि ती खाणीत गेलेली माणसं? गुरं घेऊन गेलेली?”

“ती जिथं झोपली असतील, तिथं त्यांना लिहितील.”

“मग वेरेमाला कुठं लिहितील?”

मी पुढच्या रकान्याकडे वळलो. मुलींचा बाप हयात आहे का? हयात, मृत, माहीत नाही. माझी पेन्सिल गुपचूप तिसऱ्या चौकोनाकडे निघाली होती.

“काय करतोस?” वेगेसानं विचारलं.

“माहीत नाही, असं लिहितो.”

मतिंदेचं हसू गेलं. “मास्तर, माझ्या पोरी काय रस्त्यावर सापडल्या?”

“दीर दुसरं काय म्हणतो?” वेगेसा म्हणाली. “आता सरकारही तेच म्हणणार.” तिनं सूप खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, “मेलेल्याला जागा आहे ना तुझ्या कागदात?”

“आहे.”

“मग लिही. मेला.”

“आत्याबाई, नको!” मतिंदेनं तिचा हात धरला.

“लिही म्हणते ना.”

मी लिहिलं. मतिंदेच्या नावापुढे विधवा लिहिलं. एक प्रश्न उरला होता, तो प्रत्येक बाईला विचारायचा असतो. विचारू नये असं फार वाटलं, तरी विचारला. “मावशी, आजवर किती मुलं झाली तुम्हाला?”

“एक.”

“हयात किती?”

“आत्ताच सांगितलं ना तुला,” ती म्हणाली, आणि तिनं सूप पुन्हा उचललं. खोटं लिहिणार नाही अशी शपथ मी कचेरीत घेतली होती. जन्मले एक, हयात शून्य, असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिकडून जात होतो. वेगेसाच्या अंगणात बायका, मयताच्या घरी बसतात तशा, पाय पसरून जमिनीवर बसल्या होत्या. कुणी पीठ आणलं होतं, कुणी सरपण. वेगेसानं डोकं भादरलं होतं. दीर आला, स्टूल पुढे केलं ते त्यानं बाजूला सारलं आणि खाली बसला. मीही टोपी काढून बसलो. मला रडू येत होतं, आणि ते कुणासाठी हे कुणी विचारू नये असं वाटत होतं.

“उंच होता,” वेगेसा कुणाकडेच न बघता म्हणाली. “दारातून आत येताना वाकायचा.”

मग तिची शेजारीण, जिनं जन्मभर तिला वांझोटी म्हटलं होतं, ती जवळ सरकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “हो गं. बघितलंय ना मी.”