बुडबुड्यांची भिंत

एकेकाळी खाडीच्या तळाशी काम केलेला, अंगभर भोकं पाडलेला एक लोखंडी पाइप मी.

१९८४ साली उलव्याजवळच्या खाडीत नवा धक्का बांधायला घेतला. पाण्याखालचा खडक सुरुंगांनी फोडायचा होता. त्याआधी मला सुरुंगांची जागा आणि गावाची मासेमारीची जागा यांच्यामध्ये, खाडीच्या वळणावर तळाशी टाकलं. कॉम्प्रेसरची हवा आत आली की माझ्या भोकांतून बुडबुडे उठत आणि थेट वरपर्यंत त्यांची भिंत उभी राही.

दिनानाथ नावाचे इंजिनीअर होते. त्यांनी गावकऱ्यांना समजावलं, "सुरुंगाचा आवाज पाण्यात लांबवर तसाच जोरात जातो. पण बुडबुड्यांत शिरला की पांगतो, त्याचा जोर मरतो. पलीकडे तुम्हाला काही होणार नाही."

"पन सुरुंग कवा हाय, त्यो आमाला कसा कलनार?" देवजीने विचारलं. जाळ्याचे खुंट रोवायला तो पाण्यात बुडी मारायचा.

"पाण्यावर पांढरा फेस दिसला की समजायचं."

गावाने ते मनावर घेतलं. फेस दिसला की होड्या मागे फिरत. सुरुंगाचा दणका माझ्या भिंतीत येऊन विस्कटून जाई. मला त्याचा अभिमान वाटे.

मग एके दिवशी मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. स्वागताच्या कमानीला रंगाचा फवारा मारायला कॉम्प्रेसर उचलून नेला. इकडे सुरुंग भरून तयार होते.

"साहेब, आज हवा नाय. गावात सांगून येऊ का?" सुपरवायझर सुभाषने विचारलं.

"धक्क्यावर धोक्याचा बावटा लावलाय ना? मग उडवा," दिनानाथ म्हणाले.

बावटा धक्क्यावर होता, देवजी वळणापलीकडे, जिथून तो दिसत नव्हता. त्याने पाण्याकडे पाहिलं. फेस नव्हता, म्हणून त्याने बुडी मारली.

मी तळाशी नुसताच पडून होतो. आवाज माझ्या अंगावरून अख्खाच्या अख्खा गेला.

देवजीला होडीत ओढून घेतलं, तेव्हा त्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. जाईबाई, त्याची बायको, त्याला हाका मारत राहिली. चौकशीत दिनानाथ म्हणाले, "बावटा होता. तो उतरलाच कशाला?" सुभाषने मान खाली घालून त्याच जबाबाखाली सही केली.

धक्का पुरा झाला. मला काढून धक्क्याच्या वसाहतीतल्या हिरवळीवर पाणी शिंपडायला टाकलं. देवजीलाही तिथेच माळ्याचं काम दिलं. तो नळ सोडतो, माझ्यातून पाण्याच्या धारा उडतात. दुपारी जाईबाई भाकरी घेऊन येते आणि त्याच्या खांद्याला हात लावते. दिनानाथ पाहुण्यांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, "आम्ही गावाला वाऱ्यावर सोडलं नाही."

मला गंज चढलाय. कापा, भंगारात घाला, माझी तक्रार नाही. एवढंच मागतो, हे वाक्य तिथे उभं राहून बोलू नका. त्याला ऐकू येत नाही. जाईबाईला येतं.