प्रॉक्सीच्या ओळीतलं नाव

उषाबाईने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. आधी प्रॉक्सीचा शब्द, मग नवऱ्याचं नाव, त्याला चिकटून त्याचा पासवर्ड, आणि शेवटी जालन्याच्या मुख्य ऑफिसातल्या त्या मशीनचा पत्ता. खाली नवं सॉफ्टवेअर उतरवून घेणारी ‘ॲप्ट-गेट’ची आज्ञा देऊन तिने एंटर दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. पडदा जरा थांबला. मग सकाळपासून देत होता तेच उत्तर त्याने दिलं: चारशे सात. म्हणजे, तू कोण ते मला पटलेलं नाही.

अंबडच्या त्या तंत्रनिकेतनाचं इंटरनेट सरळ बाहेर जात नसे. संस्थेची सगळी कॉलेजं जुन्या जालन्यात ठेवलेल्या एकाच प्रॉक्सीतून बाहेर पडायची, आणि ती प्रॉक्सी म्हणजे दारावरचा खडूस वॉचमन. नाव आणि पासवर्ड सांगितल्याशिवाय सोडेल तर शपथ. लॅबमधल्या लिनक्सवर काही नवं बसवायचं तर आधी त्याची समजूत काढावी लागे. तिचे यजमान सर्जेराव ही ओळ कधी फाइलमध्ये लिहून ठेवत नसत. पोरं वाचतील, पासवर्ड गावभर करतील, म्हणून दरवेळी हातानेच टाइप करायची आणि काम झालं की पडद्यावरची ती खिडकी बंद. पोळ्यानंतर त्यांना कावीळ झाली आणि बघता बघता माणूस गेला. संस्थेने उपकार केल्याच्या थाटात बायकोला त्यांच्या जागी तात्पुरतं घेतलं. संध्याकाळी ओट्याशी बसून त्यांनी हौसेने शिकवलं होतं, तेवढंच तिचं भांडवल. खातं मात्र त्यांच्याच नावाचं राहिलं. नवं मागा असं तिला कुणी म्हटलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही.

काढणार कशाला? तिच्या माहेरी काय, सासरी काय, बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची रीत नव्हती. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. पुढे रेशनच्या दुकानात दीर सांगायचे, दवाखान्यात भाऊ. मृत्यूच्या दाखल्याच्या वेळीसुद्धा शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईने तिच्या हातातला कागद वाचून कारकुनाला ते सांगितलं होतं. पण बोटांना कुणी अडवलं नव्हतं. लॅबमध्ये बसून ते नाव एकेक अक्षराने टाइप करताना तिला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर सबंध दिवसात तेवढंच बरं वाटायचं.

उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा होती. पोरांचे प्रोग्राम चालवायला लागणारा कंपायलर सगळ्या मशीनवर बसला नाही तर प्राचार्य तिला घरी बसवतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वर चार वाजता लोडशेडिंग. तिने मुख्य ऑफिसला फोन लावला. तिथली प्रॉक्सी सांभाळणाऱ्या मच्छिंद्रनेच तो उचलला.

“कोणाचं अकाउंट?”

“आमच्या मिस्टरांचं.”

“नाव सांगा ना बाई. इथं ढीगभर अकाउंट हायेत.”

“अंबडच्या लॅबचं. सकाळपासून चालूनच न्हाई राह्यलं.”

“अंबडचीच किती हायेत! अहो, पासवर्ड लई दिवस बदलला न्हाई की आपोआप लॉक होतं. मी आत्ता खोलून देतो, पण नाव तर कळू द्या.”

आत्ता खोलून देतो. उषाबाईच्या जिवात जीव आला. दारात शिपाई धर्मराज चहा घेऊन उभा होता. अशा वेळी दुसऱ्याने नाव सांगायचं असतं, हे त्यालाही माहीत होतं. तिने रिसीव्हर पुढे करताच त्याने कप टेबलावर ठेवून हात पुसला. पण तिने रिसीव्हर मागे घेतला.

“राहू द्या. मीच सांगते.”

समोर कुणी वडीलधारं असावं तसा तिने डोक्यावरून पदर घेतला.

“सर्जेराव,” ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

पलीकडे की-बोर्ड वाजला आणि थांबला.

“सर्जेराव सर? ते तर वारले ना?”

“हो.”

“मंग हे चालू कसं राह्यलं? माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघा. गेलेल्या माणसाचं ठेवायचं न्हाई, साहेबांची सक्त ऑर्डर हाये. बरं झालं तुम्ही सांगितलं.”

“थांबा जरा, मी काय म्हणते—”

“काढलं बघा. आता तुमच्या नावानं नवं करून देतो. उषा, बराबर? जल्दी लिहून घ्या, पासवर्ड सांगतो.”

तिने तो तळहातावर लिहून घेतला. धर्मराजने नाव सांगितलं असतं तरी हेच झालं असतं, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तिच्याच तोंडून ते गेलं.

नव्या नावाने प्रॉक्सीने मुकाट वाट दिली. पडद्यावरून ओळी सरसर वर जाऊ लागल्या. एकेका मशीनपुढे खुर्ची ओढत ती पुढे सरकत गेली. खिडकीजवळचं मशीन सर्जेरावांचं. तिथे बोटांनी सवयीने त्यांच्या नावाची पहिली अक्षरं टाइप केली. तिने ती बॅकस्पेसने पुसली आणि त्या जागी स्वतःचं नाव घातलं. तेही मशीन बिनतक्रार चालू झालं. ते अडलं असतं तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

चारच्या आत काम उरकलं. नोकरी उद्यापुरती तरी वाचली होती. पदर अजून डोक्यावरच होता. आता त्या नावाने काही उघडणार नव्हतं आणि बंद होण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

“सर्जेराव,” ती म्हणाली.

धर्मराज दारातून आत डोकावला.

“हाक मारली का, मॅडम?”

“तुम्हाला न्हाई.”

त्याने रिकाम्या लॅबकडे पाहिलं. मग तिचा गार झालेला चहा उचलला आणि दुसरा आणतो म्हणाला.