कोनचा पाहुणा

मेघालीचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि तापायला कारणही तसंच होतं. खारबावात, स्वतःच्या गावात, शेजारच्या गोदूकाकीच्या ओटीवर बसून तिला गोदूकाकीशी इंग्रजीत बोलायचं होतं. लहानपणी जिनं पदरानं नाक पुसलं त्या बाईशी! मेघाली इंग्रजीत विचारणार, विपुल नावाचा दुभाषी ते मराठीत सांगणार, काकी मराठीत उत्तर देणार आणि तेच विपुल पुन्हा इंग्रजीत मेघालीला ऐकवणार. आता याला काय म्हणायचं?

पण हुकूम इंग्लंडहून सुटला होता. मेघाली तिथल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होती. विषय भिवंडीच्या गोदामांत माल पॅक करायला जाणाऱ्या गावच्या बायांचा, आणि गाइड हेलन मॅडम. मॅडमचं म्हणणं, तू त्याच गावची, ऐकशील ते आपल्या सोयीनं ऐकशील, तेव्हा मध्ये तिऱ्हाईत माणूस हवा. मेघालीला हे अजिबात पटलं नव्हतं. तरी तिनं मुकाट मान डोलावली, येस मॅडम म्हणाली आणि भिवंडीत शिकवण्या घेणाऱ्या विपुलला गाठलं. विपुल जवळच्याच कोन गावचा, इंग्रजी चांगलं, स्वभावानं गरीब. त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

कोन म्हटल्यावरच तिची ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

काकीनं आल्याआल्या त्याला गाव विचारलं. कोन ऐकलं मात्र, तिनं डोक्यावरून पदर घेतला, घातलेली सतरंजी उचलून झटकून पुन्हा घातली आणि चहात दूध जरा सढळ हातानं ओतलं. विपुलनं विचारलं, कामाचा काही त्रास? काकी म्हणाली, त्रास कसला, सुपरवायझर देवमाणूस. पाय दुखतात? छे. सुट्टी? मागू तेव्हा. जमलेल्या बायांपैकी सखी मध्येच काही बोलायला गेली, तर काकीनं तिला असं डोळ्यानं दटावलं की तिचंही म्हणणं झालं, सगला बेस हाय. विपुल इमानेइतबारे त्याचं इंग्रजी करत होता आणि मेघाली आतल्या आत जळत होती. कारण याच काकीला रोज संध्याकाळी गोदामातून आल्यावर कठडा धरून जिना चढताना तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिनं ते सगळं मॅडमना पाठवलं. मॅडमचं उत्तर आलं ते असं, की बाया तर सुखी दिसतात, मग तुझ्या संशोधनाचा प्रश्न काय? आठवड्यावर रिव्ह्यू होता. तिथं हाच सवाल आला आणि उत्तर नसलं तर पीएचडी बंद, स्कॉलरशिप बंद, गाशा गुंडाळून घरी.

मेघाली तडक काकीच्या घरी गेली. काकी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मेघाली उभ्याउभ्याच भांडायला लागली, की माझं वाटोळं करायचं ठरवलंयस का, इतकं धडधडीत खोटं का बोललीस.

काकीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"येडे, आपली ललिता खय दिलीय? कोनलाच ना? तिच्या सासरच्या गावचा मानूस तू माझ्या ओटीवर आणून बसवतेस, नि त्याच्यासमोर मना इचारतेस पाय दुखतान का? उद्या पोरीला ऐकून घ्यायला लागेल, तुझ्या आईचे गोदामात हाल हायत म्हणून."

विपुल ललिताला ओळखतही नाही, असं मेघाली म्हणाली. त्यावर काकीनं पुन्हा शेंग उचलून सोलायला घेतली. ओळखतो की नाही याचा प्रश्नच नव्हता. लेकीच्या सासरगावचं माणूस म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्यापुढे आपलं दुखणं काढायचं नसतं, हे मेघालीला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. इंग्लंडला जाऊन अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

ती खाली बसली, शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं आणि सोलायला लागली. रेकॉर्ड करू का म्हणून तिनं विचारलं. तू घरची, तू कर, काकी म्हणाली. मग काकी जी बोलायला लागली ती थांबेना. उभं राहून पाय सुजतात. सुपरवायझर हिंदीवाला, बाथरूमला जायचं तर त्याला हिंदीत विचारायचं. सखीला हिंदी येतं, ती विचारून मोकळी होते. काकीला चारचौघांत ते शब्द जुळवता येत नाहीत, लाज वाटते, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. हे सांगताना काकी हसली, मेघालीला मात्र रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमशी व्हिडिओवर मीटिंग होती. मॅडमनी नेहमीप्रमाणे हसून विचारलं, काम कसं चाललंय?

"फाइन मॅडम. एव्हरीथिंग इज फाइन," मेघाली म्हणाली, आणि तिच्याच कानांना ते ऐकून झटका बसला.

सगला बेस हाय. अगदी तेच. इंग्लंडच्या थंडीत खोलीतला हीटर बंद होता तेव्हाही फाइन, मॅडमनी प्रबंधाचं अख्खं प्रकरण खोडलं तेव्हाही फाइन, दुभाषी लादला तेव्हाही फाइन. मराठीत भांडभांड भांडणारी ती, इंग्रजीत दोन वर्षं डोक्यावरून पदर घेऊन बसली होती.

"नाही मॅडम," ती इंग्रजीतच म्हणाली, "काहीच ठीक नाहीये." मग कोन, ललिता, दूध घातलेला चहा, पाणी न पिणारी काकी, सगळं तिनं सांगून टाकलं. "आणि काकी विपुलशी वागली तशी मी तुमच्याशी वागतेय. पहिल्या दिवसापासून."

मॅडमनी हळूच विचारलं, हे सगळं रिव्ह्यूत असंच्या असं सांगशील का?

मेघालीच्या तोंडाशी 'येस मॅडम' आलं होतं. ते तिनं गिळलं.

"सांगीन. पण काकीचं बोलणं आधी काकीच्या भाषेत ऐकवीन, मग तुमच्या. मध्ये कोणी नको."

या वेळी मान मॅडमनी डोलावली.