इंजिनघराची भेग

जान्हवीनं लोखंडी कपाटाला खांदा लावला आणि रेटा दिला. कपाट कुरकुरत हातभर सरकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्यामागे झाडू फिरणार होता. एरवी दसऱ्याची साफसफाई म्हणून कोण मरायला त्या अडगळीत हात घालतंय. तिनं वाकून पाहिलं आणि झाडू हातातच राहिला.

भिंतीवर तिचाच पंजा होता. नवी नवरी म्हणून घरात आली तेव्हा सासूनं तिचा हात कुंकवात बुडवून उमटवायला लावला होता, आणि तोही मुद्दाम भेगेवर. तेव्हा भेग केसाएवढी होती. आता पंजाचे दोन तुकडे झाले होते. अंगठा आणि तर्जनी एकीकडे, बाकीची बोटं दुसरीकडे. मधल्या फटीत तिचं बोट सहज आत गेलं आणि आतून गार वारा लागला. याच भिंतीला डोकं लावून तिची लेक प्रांजल रोज झोपत होती.

घर म्हणजे घाटकोपरच्या डोंगराखालच्या खदानीचं जुनं इंजिनघर. एकेकाळी इथे वाफेचं इंजिन धडधडायचं, खड्ड्यातलं पाणी उपसायचं, खडी फोडायचं यंत्र फिरवायचं. इंजिन गेलं तेव्हा कामगारांनी मधे पत्रा ठोकून दोन बिऱ्हाडं मांडली, आणि मागाहून खदानही बंद पडली. इकडे जान्हवीचे सासरे धाकू, पलीकडे रत्नप्रभा. डोंगराकडची दगडी भिंत दोघांना एकच.

त्या भिंतीची गोष्ट वस्तीत पोरासोरांना पाठ होती. धाकूच्या वडिलांच्या काळात बॉयलर फुटला, सगळा दणका या भिंतीनं झेलला, नुसती एक भेग पडली आणि तेव्हापासून भिंत तसूभर हलली नाही. म्हणून तर नव्या सुनेचा हात भेगेवर. जुन्या इमारती बघत फिरणारी कॉलेजची मंडळी यायची, तेव्हा धाकू ही गोष्ट अशी रंगवून सांगायचा की ऐकणाऱ्याला वाफेचे चटके बसावेत. जान्हवीनंही ती विश्वासानं ऐकली होती. तसूभर हलली नाही म्हणे!

तिनं सुयोगला हाक मारली. तो दाढी अर्धवट ठेवून आला, पाहिलं, आणि आधी नवऱ्यासारखा नवरा म्हणून तिलाच समजावू लागला. कुंकू पुसलं गेलं असेल, चुना पडला असेल, बाबा सांगतात ना ही जुनीच आहे. जान्हवीनं तळहात पंजावर टेकवला. अंगठा जुळवला तर करंगळी चुकत होती, करंगळी जुळवली तर अंगठा. सुयोगच्या गालावरचा साबण सुकत चालला होता, पण तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

बाहेर चहा पीत बसलेल्या धाकूला तिनं आत बोलावलं. एकदा बाहेर पडलं की ही खोली गेली, बिल्डर टपूनच बसलाय, हे त्याचं नेहमीचं पालुपद. तेच त्यानं आजही सुरू केलं. मग त्याची नजर भिंतीवर गेली. त्यानं हात पुढे केला, पण भिंतीला लावला नाही.

"बाबा, बॉयलर फुटला तेव्हाची भेग आता कशी वाढेल?" जान्हवीनं विचारलं.

धाकू कॉटच्या कडेवर बसला. चहाचा कप हातातच होता.

"बॉयलर फुटलाच नाही," तो म्हणाला. "धड होता. मीच खोलला, मीच भंगारच्या गाडीत चढवला."

सुयोगला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण धाकू जमिनीकडे बघत सावकाश सगळं सांगत राहिला. सुयोग तान्हा होता. वरच्या अंगाला सुरुंग लागायचे, तशात ही भेग पडली. सुयोगची आई पोराला छातीशी धरून रात्र रात्र बसून राहायची. जायला दुसरी जागा नव्हती. मग त्यानं तिला सांगितलं, अगं, ही जुनी आहे, बॉयलर फुटला तेव्हाची.

"त्या रात्री ती झोपली रे," धाकू म्हणाला. "मग तीच सगळ्यांना सांगत सुटली. मी कुणाकुणाचं तोंड धरू? सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं."

जान्हवीला त्याचा राग आला, भयंकर राग आला, पण रागवायला वेळ नव्हता. तिनं प्रांजलला उचलून सुयोगच्या हातात दिलं, तिची उशी ओढून घेतली आणि भांडीकुंडी नंतर बघू म्हणाली. सुयोग अर्ध्या दाढीनं पोरीला घेऊन बाहेर धावला.

तेवढ्यात भिंतीत कुठेतरी बारीक करकर झाली. पत्र्यापलीकडे मातीचे खडे घरंगळल्यासारखा आवाज आला आणि रत्नप्रभाची नात रडायला लागली. मागोमाग रत्नप्रभाचा आवाज आला, पोरीला थोपटता थोपटता, अगदी शांत.

"उगी, उगी. काही नाही हं बाळा. ती जुनीच आहे. बॉयलर फुटला ना, तेव्हाची."

धाकू कप खाली ठेवायला विसरला. तसाच उठला आणि दुसऱ्या हाताची मूठ पत्र्यावर आपटत राहिला.

"रत्नप्रभा, पोरीक घेऊन भायर ये," तो गावाकडच्या बोलीत म्हणाला. "मी खोटा सांगितलेलंय."