कडी कोणी काढली

राजगोपालरावांना स्वप्नं मराठीत पडायची आणि जाग तमिळमध्ये यायची. यात त्यांचा काही दोष नव्हता, घरच तसं झालं होतं. बायको तुळसी होती तोवर वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत तंजावरची जुनी मराठी नांदत होती. ती गेली आणि भाषाही तिच्याबरोबर उठून गेली. मुलगा कार्तिकेय इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो, सून श्रीदेवी मदुरैची. दोघंही जीव लावणारी, पण बोलणं सगळं तमिळ. मराठी बोलायची तर राजगोपालरावांना झोपावं लागे, आणि माणूस झोपून झोपून झोपणार तरी किती!

त्यात नोकरी सिक्युरिटीची. तांबरमच्या पुढे अल्लिक्कुळम नावाचं एक तळं आहे. सहा वर्षांपूर्वी कुठल्याशा सरकारी खात्यानं त्याला बारा फुटी भिंत घातली, वर तारा ओढल्या आणि जागोजाग पाट्या लावल्या: संरक्षित क्षेत्र, प्रवेश बंद. आत काय चालतं हे राजगोपालरावांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती. मागच्या बाजूचं लहान फाटक, एक खुर्ची, एक वही आणि एक शिट्टी, एवढाच त्यांचा मुलूख. फाटकाच्या आत पाऊल टाकायची त्यांनाही मनाई होती. म्हणजे सहा वर्षं त्यांनी तळं राखलं आणि तळं काही पाहिलं नाही. पाण्याचा वास तेवढा यायचा.

मार्गळी महिन्यातली, जानेवारीच्या सुरुवातीची ती पहाट. धुकं असं दाटलं होतं की समोरचा रस्ता कुणी पुसून टाकलाय की काय असं वाटावं. लांबच्या कुठल्या तरी देवळातून गाणं येत होतं, मध्येच थांबत होतं. राजगोपालरावांचे डोळे ना धड उघडे ना धड मिटलेले. अशा वेळी धुक्यातून माणसं आली, एकामागून एक, चपला हातात घेऊन. पुढे एक पन्नाशीची, चष्मा लावलेली बाई होती. तिनं तमिळमध्ये विचारलं, आत सोडाल का? राजगोपालरावांनी तमिळमध्ये सांगितलं, पास असल्याशिवाय नाही. बाई रागावली नाही, हुज्जत घातली नाही. शेजारच्या मैत्रिणीकडे वळून ती मराठीत म्हणाली, "बघ ना सुनेत्रा, पाणी दहा पावलांवर आहे. वर्गात नकाशावर मुलांना दाखवते आणि मलाच दिसत नाही."

"तुम्हीं मराठी बोलतां?" हे कोण बोललं म्हणून राजगोपालरावांनी इकडेतिकडे पाहिलं. तेच बोलले होते.

"बोलते की! आणि तुम्हीसुद्धा?"

"आमच्या घरांत बोलत होते, अक्का. अम्ही तंजावरचे."

"मी मिरजेची. वडील रेल्वेत होते, त्यांच्याबरोबर इकडे आले ती इथलीच झाले. इतक्या थंडीत बसलायत, अण्णा. चहा तरी झाला का तुमचा?"

चहा झाला का, एवढं साधं. पण तुळसी गेल्यापासूनच्या चार वर्षांत हे त्यांना या भाषेत कुणी विचारलं नव्हतं. राजगोपालरावांनी नाही म्हणून मान हलवली. बाईनं मग लपवाछपवी केली नाही. आम्ही नऊ जण आहोत, म्हणाली. तळं बुजवायचं चाललंय, म्हणून पाण्यात पाय सोडून तासभर बसणार आहोत. सुनेत्राच्या पिशवीत कापडी फलक आहे, तो धरणार आहोत. कशाला हात लावणार नाही. "सोडाल का, अण्णा?"

राजगोपालरावांनी उठून कडी काढली.

माणसं आत गेली तेव्हा त्यांनी सवयीनं मोजली, आणि ती दहा भरली. दहावी सगळ्यांच्या मागून, पदर सावरत, उजव्या पायावर जरा कमी भार देऊन चालली होती. तुळसी तशी चालायची. त्यांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

तासाभरानं आतून शिट्ट्या वाजल्या, पोलिसांची जीप आली आणि नऊ जणांना बसवून घेऊन गेली. नऊच. जाताना बाईनं जीपमधून राजगोपालरावांकडे पाहिलंही नाही. तेव्हा त्यांना वाईट वाटलं. नजर चुकवून ती आपल्याला वाचवतेय, हे कळायला फार दिवस जावे लागले.

दुपारी इन्स्पेक्टरसाहेबांनी त्यांना समोर बसवून कॉफी पाजली. पोलिसांची कॉफी गोड असली की समजावं, जबाब आधीच तयार आहे. फाटकावरच्या कॅमेऱ्यात धुक्याशिवाय काही आलं नव्हतं. "तुम्ही भिंतीच्या दुसऱ्या टोकाला फेरीवर गेला होता," साहेब म्हणाले. "तेवढ्यात त्या बाईनं कडी काढली. बरोबर ना?" उत्तराची वाट न बघता साहेबांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सही लागत नाही, म्हणाले, कोर्टात तेवढं हेच सांगा. त्यात सगळ्यांचंच भलं होतं. राजगोपालरावांची नोकरी टिकत होती, त्यांना नेमणाऱ्या एजन्सीचं कंत्राट टिकत होतं, खात्यातल्या मोठ्या साहेबांची इभ्रत राहत होती. एकट्या त्या बाईचं तेवढं भलं नव्हतं.

तिचं नाव अलकनंदा, हे त्यांना आरोपपत्रातून कळलं. केंद्र सरकारच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी. संरक्षित सरकारी जागेत जबरदस्तीनं घुसल्याचा गुन्हा. बाकीचे आठ आपापल्या कामाधंद्याचे, दंड भरून घरी जाणारे. ही मात्र सरकारी नोकर. कडी तिनं काढली असं ठरलं तर शिक्षा होणार आणि सव्वीस वर्षांची नोकरी जाणार. गुन्हा नोंदल्या दिवसापासून ती निलंबित होतीच. आणि कडी रखवालदारानंच काढली असं ठरलं, तर जबरदस्ती उरत नव्हती, खटल्यातली हवाच निघून जात होती. मग जाणारी नोकरी दुसऱ्या कुणाची तरी होती. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी राजगोपालरावांना दुसरी कोण देणार?

"अप्पा, साहेबांनी लिहिलंय तेच बोला," कार्तिकेय तमिळमध्ये म्हणाला. "तुम्ही तेव्हा अर्धवट झोपेतच होता. कशावरून ते स्वप्न नव्हतं?"

पोरगं काही वाईट बोललं नव्हतं. चौदा महिने राजगोपालराव त्याच प्रश्नावर झोपले आणि त्याच प्रश्नावर उठले. रोज त्याच खुर्चीवर बसायचे आणि त्या कडीकडे बघायचे. कधी वाटायचं, खरंच आपण फेरीवर गेलो होतो. कधी स्वप्नात ते पुन्हा कडी काढायचे आणि आत जाणारी माणसं संपायचीच नाहीत. तंजावरच्या गल्लीतली सगळी, तुळसीचे आईवडील, शाळेतले पंतोजी, सगळे चपला हातात घेऊन मराठीत बोलत त्यांच्यासमोरून जायचे. जाग आली की तळहाताला लोखंडाचा गारवा लागलेला असायचा. स्वप्नात गारवा लागतो का, हे त्यांना कुणाला विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार!

साक्षीचा दिवस उजाडला तो मार्चच्या उन्हाचा. तांबरमच्या त्या कोर्टात पंखे फिरत होते आणि वारा काही येत नव्हता. न्यायाधीश बाई तरुण होत्या, सावकाश लिहायच्या. आरोपींच्या बाकावर अलकनंदाबाई पहिल्या बसल्या होत्या. मधल्या चौदा महिन्यांत त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. राजगोपालरावांना ते पाहवेना.

सरकारी वकील हुशार माणूस. त्यांनी प्रश्न असे विचारले की उत्तर हो किंवा नाही एवढंच उरावं.

"फाटकाला कडी होती?"

"होती."

"आरोपींकडे पास होता?"

"नव्हता."

"जीप आली तेव्हा कडी निघालेली होती?"

"निघालेली होती."

"तुमच्या कामात फेरी मारणं येतं?"

"येतं."

एकही उत्तर खोटं नव्हतं. राजगोपालरावांच्या कपाळावर घाम आला. चार खऱ्या गोष्टी एकापुढे एक मांडून किती मोठी लबाडी उभी राहते, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

मग कनका उठल्या, आरोपींच्या वकील. हातात कागदांची जुडी, चेहऱ्यावर तयारी. राजगोपालरावांनी कठड्याला घट्ट धरलं. आता ही विचारणार, कडी कोणी काढली? विचारू दे एकदाचं. तेवढ्यात अलकनंदाबाईंनी बाकावरून वाकून वकिलीणबाईंचा झगा ओढला आणि त्यांच्या कानात काही सांगितलं. कनकांनी जोरजोरात मान हलवली. अलकनंदाबाईंनी हात जोडले. मागच्या आठ जणांनीही माना डोलावल्या, म्हणजे त्यांचं आधीच ठरलेलं दिसत होतं. कनकांनी कागद टेबलावर आपटले.

"या साक्षीदाराला मला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या.

"साक्षीदारानं जावं," न्यायाधीश बाईंनी मान वर न करता सांगितलं.

म्हणजे झालं. नोकरी राहिली. पिंजऱ्यातून दोन पायऱ्या उतरायच्या आणि लोकल पकडून घरी जाऊन झोपायचं. राजगोपालरावांनी अलकनंदाबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचं समाधान होतं. स्वतः बुडत होत्या आणि समाधान राजगोपालराव सुटल्याचं! ते त्यांना सहन झालं नाही.

"अम्मा," ते तमिळमध्ये न्यायाधीश बाईंना म्हणाले, "कडी मी काढली. माझ्या हातानं. हे कुणी मला विचारलंच नाही."

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं. सरकारी वकील ताडकन उठले आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करून त्यांनी उलटतपासणीची परवानगी घेतली. सहा वर्षं इमानानं भिंत राखली तेव्हा राजगोपालरावांना कुणी काही म्हटलं नव्हतं. खरं बोलल्याबरोबर ते फितूर झाले.

"किती पैसे दिले यांनी?"

"एक चहासुद्धा नाही."

"नात्यातली आहे?"

"नाही."

"जुनी ओळख?"

"त्या दिवशीच पाहिलं."

"मग का उघडलंत?" वकील ओरडले. "संरक्षित सरकारी जागा, नियम तुम्हाला पाठ, नोकरी जाणार हे माहीत. का?"

राजगोपालरावांनी तोंड उघडलं. तमिळमध्ये उत्तर आलं नाही. शोधलं, तरी आलं नाही. मग जे आलं ते मराठीत आलं, मोठ्यानं, भर कोर्टात.

"अक्कानें मला माझ्या भाषेंत मागितलें हो. माझी तुळसी गेल्यापासून या भाषेंत मला कोणी कांहीं मागितलेंच नव्हतें. नाही कसें म्हणूं मी?"

 न्यायाधीश बाईंनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं शिपायाकडे. कुणालाच एक अक्षर कळलं नव्हतं. कळलं होतं ते आरोपींच्या बाकावर, आणि तिथे अलकनंदाबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसायला घेतले होते.

"काय म्हणाले हे? कुणाला ही भाषा येते?"

"मला येते," अलकनंदाबाई उभ्या राहिल्या.

"आरोपीनं साक्षीदाराचं भाषांतर करायचं?" सरकारी वकिलांना हसू आलं. न्यायाधीश बाईंनाही ते मान्य नव्हतंच. त्यांनी राजगोपालरावांना तेच तमिळमध्ये सांगायला लावलं. राजगोपालराव म्हणाले, "त्यांनी मागितलं. मी उघडलं." तेवढंच लिहिलं गेलं. तेवढं पुरेसंही होतं. कनकांचा चेहरा उजळला होता.

बाहेरच्या व्हरांड्यात एजन्सीचा माणूस उभाच होता. त्यानं टोपी, शिट्टी आणि गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं, आणि तुमच्यावरही केस होऊ शकते बरं का, असंही सांगितलं. राजगोपालरावांना भीती वाटली. पण त्याहून त्यांना बोलायचं होतं. अलकनंदाबाई दारातून बाहेर आल्या तसे ते दोन पावलं पुढे झाले.

कनका मध्ये आल्या. "निकाल बारा तारखेला आहे," त्या म्हणाल्या. "तोवर तुम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नाही. कुणी पाहिलं, तर साक्षीदार फोडला म्हणून बाईंचा जामीन जाईल आणि यांची साक्षही जाईल. एकही शब्द नाही. समजलं?"

दोघांना समजलं. चौदा महिने मनात बोलून झालं होतं, आता बारा तारखेपर्यंत पुन्हा मनातच.

तांबरम स्टेशनवर दुपारची लोकल जवळजवळ रिकामीच उभी होती. राजगोपालराव खिडकीशी बसले. ऊन, लोखंडाचा वास, झापड. गाडी हलता हलता त्यांच्या मागच्या बाकावर, पाठीला पाठ लावून, कुणी तरी येऊन बसलं.

"हॅलो," मागून मराठीत आवाज आला. "हो, मीच बोलतेय. गाडीत आहे. अगं, तुला त्या दिवशीचं तळं सांगायचं राहूनच गेलं."

राजगोपालराव हलले नाहीत. खिडकीच्या काचेत त्यांना अलकनंदाबाईंचा चष्मा आणि कानाला लावलेला फोन दिसत होता.

"धुक्यात आधी काहीच दिसेना. मग पायाला पाणी लागलं, इतकं गार की आई गं! नुसतं बसून राहिलो. हळूहळू उजाडलं तशी पांढरी फुलं दिसायला लागली, शेकड्यांनी. एकेक करून मिटत होती. ती रात्री उमलतात ना. आणि एक मोठा पक्षी, भूगोलवाली असून मला नाव सांगता येणार नाही, आमच्या अगदी जवळून चालत गेला, आम्ही तिथलेच असल्यासारखा."

क्रोमपेट गेलं, पल्लावरम गेलं. राजगोपालरावांनी डोळे मिटून घेतले होते. पाण्याला पायऱ्या होत्या, तिसरी पायरी फुटलेली होती, पलीकडच्या काठाला मातीचे ढीग येऊन पडले होते पण मधलं पाणी अजून स्वच्छ होतं. आवाज सांगत होता आणि ते एकेक पायरी उतरत होते.

इतक्यात अलकनंदाबाईंच्या कानाशीच तो फोन खणखणून वाजला.

राजगोपालरावांनी डोळे उघडले. काचेत बाई ओशाळून फोनकडे बघत होत्या. त्यांनी येणारा फोन कापला आणि मुका फोन पुन्हा कानाला लावला.

"हं, तर काय सांगत होते," त्या म्हणाल्या, "ती फुटलेली पायरी."