उजव्या हाताची तर्जनी

आमचे हे शिंपी आहेत आणि मी त्यांच्या दुकानात काजं करते, बटणं लावते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच. यांना कुणी 'कोट आखूड झाला' म्हटलं, तर हे आधी माफी मागतात आणि मग कोट बघतात.

ट्रायल रूममधला आरसा बदलताना फुटला आणि यांच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी काच घुसली. अस्तराची पट्टी फाडून मीच करकचून बांधली. हे म्हणाले, "दवाखान्यात जाऊन येऊ का?" मी म्हटलं, "लहान मुलासारखं काय करताय? आठ दिवसांत भरेल." जखम भरली, पण बोट काही मिटेना. सगळी मूठ वळायची आणि हे एकटंच ताठ उभं राहायचं, कुणाला तरी दम देत असल्यासारखं. तेव्हाही मीच म्हटलं, आखडलंय, तेल चोळा. असे दोन महिने गेले. कात्री धरता येईना, सुई तर लांबच राहिली.

शेवटी हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बोट उलटसुलट करून पाहिलं. बोट मिटवणारी आतली दोरी, टेंडन म्हणतात तिला, साफ तुटली होती. लगेच आला असता तर दोन टोकं जोडून भागलं असतं, आता ती आकसून लांब गेलीत, असं म्हणाल्या. "इतके दिवस का थांबलात?"

मी तोंड उघडायच्या आत हे बोलले, "सीझन होता हो. माझीच टाळाटाळ."

मी गप्प बसले. आयुष्यात कधी नव्हे ती गप्प बसले, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मग बाईंनी यांना अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवायला लावलं. मनगटाच्या मध्यावर एक दोरी टरारून वर आली. ही जादा असते, काहींच्या हातात नसतेच, काढली तरी काही अडत नाही, असं त्यांनी सांगितलं. तीच काढून बोटात घालणार होत्या.

"म्हणजे शिवणीत आपण जादा कापडाची माया सोडतो, तसंच की," हे म्हणाले आणि एकदम खूश झाले. बोट बरं होईल याचा नव्हे, कुणीतरी आत जादा माल ठेवलाय याचा त्यांना आनंद झाला होता.

ऑपरेशन नीट झालं. मनगट आणि बोटं वाकलेली राहतील असा प्लास्टिकचा साचा हाताला बांधला. सहा आठवडे बोटाला स्वतःहून जोर द्यायचा नाही, फक्त डाव्या हाताने हळूच मिटवायचं. घास मी भरवत होते, शर्टाची बटणं मी लावत होते. हे म्हणायचे, "आयुष्यभर बटणं लावलीस, पण आत माणूस असताना आत्ताच." मी डोळे वटारायचे, पण खरं सांगते, मला ते आवडायचं.

घोळ झाला तो चौथ्या आठवड्यात. साच्याच्या पट्ट्याची शिलाई यांच्या डोळ्यात खुपत होती. "काय टाके आहेत! आणि ही आतली गादी बघ, नुसता फुगा." एवढी बडबड ऐकल्यावर मलाही ती शिलाई बघवेना. साचा काढला, पट्टा उसवला, अर्धा इंच आत घेतला, गादी काढून टाकली आणि मशीनवर दुहेरी टीप मारली. यांनी डाव्या हाताने खुणा केल्या, मी मशीन चालवलं. फिटिंग असं बसलं की दोघं कौतुकाने बघत राहिलो.

चार दिवसांनी दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने ते बघितलं आणि ती किंचाळलीच. मनगट वाकलेलं राहावं, नव्या दोरीवर ताण येऊ नये, म्हणून ती गादी होती. आम्ही मनगट सरळ करून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी साचा काढून आतून चाचपला. मग म्हणाल्या, "टाका सुटला असेल तर सगळं वाया. दोन आठवड्यांनी कळेल. हे कुणी केलं?"

"मीच," हे म्हणाले.

आता मात्र माझा बांध फुटला. "डाव्या हाताने दुहेरी टीप मारता येते का हो, बाई? मी मारली. आणि त्या दोन महिन्यांचं खापरही माझ्याच डोक्यावर फोडा. हे पहिल्याच दिवशी दवाखान्यात जायला निघाले होते, मी बसवून ठेवलं."

हे खाली मान घालून म्हणाले, "कशाला सांगायचं आता?"

ते दोन आठवडे आम्ही शहाण्यासारखे वागलो. भांडलोसुद्धा नाही, म्हणजे बघा.

सहा आठवडे भरले तेव्हा बाईंनी साचा उतरवला. हात सुकून बारीक झाला होता, तळव्यावर लांब व्रण होता. "आता हळूच मिटवा." हे बोटाकडे बघत बसले. काही हललं नाही. मग पेर किंचित वाकलं, थांबलं, आणि आणखी थोडं वाकलं.

"शाब्बास. आता हलकं काहीतरी धरून बघा. ओढायचं नाही."

यांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलावर कागद होता, पेन होतं. यांनी हात लांब करून माझी बाही चिमटीत धरली. कापड बघताना धरतात तशी, अंगठा खाली, तर्जनी वर. बाहीची कड लटलट हलायला लागली.

बाई म्हणाल्या, "थरथरेल थोडे दिवस, घाबरू नका."

"बोट नाही थरथरत, डॉक्टर," हे म्हणाले. "ही थरथरतेय."

"सोडा बाही," मी म्हटलं, "बाई बघतायत."

यांनी सोडली नाही.